एक गुंठा

महाराष्ट्रात केडगावे दोन आहेत, आणि ‘मी केडगावची’ असे सांगितले की ऐकणारा बहुधा दुसऱ्याच केडगावाला जाऊन पोहोचतो. ते केडगाव दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे साऱ्या देशाला ठाऊक झालेले. आमचे केडगाव नगरचे. नगर म्हणजे आताचे अहिल्यानगर. पण पाटीवरचे नाव बदलले तरी जिभेवरचे नाव बदलायला एखादी पिढी जावी लागते, तेव्हा मी आपली नगरच म्हणते. पुण्याकडून एस.टी.ने येताना शहराच्या आधी जी वस्ती लागते, ती आमची. तिला गाव म्हणायचे ते सवयीने. रेणुकामातेचे देऊळ आहे, नवरात्रात तेथे पाय ठेवायला जागा नसते, एवढीच काय ती गावपणाची खूण; बाकी महानगरपालिकेची हद्द, प्लॉटचे भाव आणि रस्त्यावरची गर्दी पाहिली तर शहरात काही कमी नाही.

मामंजींनी १९८६ साली येथे तीन गुंठे जागा घेतली, तेव्हा नात्यागोत्यातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढले होते म्हणतात. रात्री कोल्हे ओरडतात तेथे घर कोण बांधतो? मामंजींनी बांधले. पुढच्या दोन गुंठ्यांत घर, अंगण आणि तुळशीवृंदावन. मागचा एक गुंठा ‘पुढे बघू’ म्हणून मोकळा ठेवला. मराठी माणसाच्या मालमत्तेत ‘पुढे बघू’ ही जी एक बाब असते, तिच्याइतकी टिकाऊ बाब दुसरी नसेल. मामंजी गेले, धाकटे भाऊजी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले, तो गुंठा मात्र गाजरगवत, घाणेरी आणि फुटक्या कौलांचा संसार सांभाळत होता तेथेच राहिला.

गुंठा म्हणजे किती, हे आता मुंबई-पुण्याच्या वाचकांना सांगायला हवे. एकराचा चाळिसावा भाग. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. एकंदर १,०८९ चौरस फूट. माझ्या थोरल्या मुलीने तो टेप लावून मोजला आणि तेहतीसला चार इंच कमी भरतात म्हणून शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे संशयाने पाहिले. धाकट्याने तो पावलांनी मोजला. त्याची पावले वीतभर, शिवाय मध्येच मोजणी चुकते. त्यामुळे त्याच्या हिशेबाने आमची जागा कधी शंभर, कधी दीडशे पावले असते. ती कमी झालेली मात्र मी कधी ऐकली नाही.

भाजीचा हा खटाटोप सुरू झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. थोरली तेव्हा चार वर्षांची होती, धाकटा रांगत होता. शाळा बंद, कॉलेज बंद, घरात चार भिंती आणि एक मोबाइल. चैत्राच्या उन्हात एके दिवशी आमच्या सासूबाई खुरपे घेऊन मागे गेल्या आणि गाजरगवत उपटू लागल्या. त्यांच्या मागून थोरली गेली. मी दारात उभी राहून ‘आई, ऊन लागेल तुम्हांला’ म्हणाले. त्या म्हणाल्या, “मला नाही लागत. तुला लागेल. तू टोपी घालून ये.” सुनेला कामाला लावण्याची ही रीत मला त्यापूर्वी ठाऊक नव्हती.

कुदळ मारली की काय निघते, तर मुरूम. मुरमाखाली विटांचे तुकडे, विटांखाली पुन्हा मुरूम, त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक पितळी किल्ली आणि कोणाच्या तरी चपलेचा अंगठा. नगरच्या जमिनीचे हे दुखणे जुने आहे आणि त्याला फार थोर साक्षीदार मिळालेला आहे. ऑगस्ट १९४२ ते मार्च १९४५ या काळात पंडित नेहरू आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तेथे त्यांनी फुलझाडांसाठी वाफे खणले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या आरंभीच त्यांनी हे सांगितले आहे, आणि तेथली माती फार वाईट, दगडगोट्यांनी व जुन्या इमारतींच्या राडारोड्याने भरलेली असल्याची तक्रारही केली आहे. तेथून त्यांचे मन जमिनीतल्या अवशेषांवरून इतिहासाकडे वळते आणि एवढा मोठा ग्रंथ होतो. आमच्या किल्लीवरून काही ग्रंथ झाला नाही. थोरलीने तिला दोरा बांधून गळ्यात घातली आणि ती कोणत्या कुलपाची, यावर आठवडाभर तर्क चालले. त्याच किल्ल्यात मौलाना आझाद होते. खोलीत घुसखोरी करणाऱ्या चिमण्यांशी आधी भांडण व मग मैत्री कशी झाली, ते त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मध्ये मोठ्या रसाळपणे लिहिले आहे. मेथीचे कोवळे मोड चिमण्यांनी टिपले त्या दिवशी मी ही हकीकत मुलांना सांगितली. थोरली म्हणाली, “त्यांनी मेथी नव्हती लावली, म्हणून मैत्री झाली.”

चार घमेली शेणखत आणि स्वयंपाकघरातला पाला-सालपटे यांच्यावर त्या मुरमाची माती व्हायला दोन वर्षे लागली. ही गोष्ट मी एका वाक्यात लिहिली. प्रत्यक्षात ती दोन वर्षे होती. पहिल्या वर्षीचे मुळे करंगळीएवढे, आणि तेही मुरमाला अडून वाकलेले. दुसऱ्या पावसाळ्यात पहिले गांडूळ निघाले, तेव्हा धाकटा दीड-पावणेदोन वर्षांचा होता. त्याने ते उचलून आजीच्या हातावर ठेवले. आजीने पाहिले आणि परत मातीत सोडले. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी मराठी शिकवते. पण या गुंठ्यावर मला असे कितीतरी शब्द पुन्हा भेटले, जे मी कोशात पाहिले होते आणि हातात कधी घेतले नव्हते. वाफा, आळे, दंड, सरी हे त्यातल्या त्यात ओळखीचे. ‘वाफसा’ हा शब्द मात्र असा की, त्याच्या बदल्यात दुसरा शब्द द्या म्हटले तर माझी पदवी उपयोगी पडत नाही. पाऊस पडून गेला, जमीन चिखल नाही आणि कोरडीही नाही; खुरपे चालेल, ढेकूळ निघणार नाही, बी टाकले तर कुजणार नाही आणि सुकणारही नाही: अशी जी जमिनीची मधली स्थिती, ती वाफसा. सासूबाईंनी मुलांना त्याची परीक्षा शिकवली. मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून खाली टाकायचा. लाडू तसाच राहिला तर अजून थांबा; फुटून मोकळा झाला तर पेरा; मुळी लाडूच झाला नाही तर पाणी द्या. आज आमचा धाकटा पहिलीत आहे. त्याला ‘वाफसा’ लिहिता येत नाही, ओळखता मात्र येतो. माझ्या एम.ए.च्या वर्गात याच्या नेमके उलट आहे.

पेरण्याच्याही तऱ्हा शब्दांत मुरलेल्या आहेत. मेथी फोकायची, भेंडी टोकायची, वांग्या-मिरचीचे आधी रोप करायचे. धने पेरायचे तर रगडून, कारण ज्याला आपण एक धणा म्हणतो ते फळ असते आणि त्यात दोन बिया असतात. हे रगडण्याचे काम मुलांकडे असते. चप्पल घेऊन ते इतक्या जोराने करतात की काही धने थेट आमटीत टाकण्याजोगे होतात. बी खोल किती घालायचे? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. मोठ्या माणसांना हे सांगावे लागते. लहान मुलांची करंगळी त्या मापाचीच असते.

लहान मुलांना घेऊन भाजी लावायची तर आरंभ कशाने करावा, असे मला शेजारणी विचारतात. मेथीने किंवा मुळ्याने. मुळा तीन-चार दिवसांत जमिनीवर डोके काढतो, मेथीही फार ताटकळत ठेवत नाही, आणि महिन्याच्या आत ती ताटात येते. पाच वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय ते कळत नाही, ‘परवा’ कळते. त्याने उद्या सकाळी वाफा उकरून बी पाहिले तर रागावू नये. आणखी चार दाणे कोपऱ्यात टाकून ‘हे तुझे उकरायचे’ म्हणून सांगावे. आमच्याकडे असा एक उकरायचा वाफा कायम आहे. त्यात आजवर काही पिकले नाही, पण वालाला आधी मूळ फुटते आणि मग मान वाकवून कोंब वर येतो, हे दोन्ही मुलांनी कोणी न सांगता तेथेच पाहिले.

खरे म्हणजे हा उकरायचा वाफा आपल्या घरोघर असतो. फक्त आपण त्याला बाग म्हणत नाही. घटस्थापनेला पत्रावळीवर माती पसरून त्यात धान्य पेरतो, नऊ दिवस पाणी शिंपडतो आणि दसऱ्याला ते उपटून टोपीत, अंबाड्यात खोवतो. गेल्या नवरात्रात थोरलीने घटातले थोडे गहू त्याच दिवशी मागच्या वाफ्यातही टाकले. देव्हाऱ्यातले गहू उंच आणि पिवळे, वाफ्यातले बुटके आणि हिरवेगार. “देवाजवळचे असून आजारी का?” या प्रश्नावर सासूबाई हसल्या आणि देव्हाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडली. उजेड नसला की रोप उजेडाच्या शोधात नुसते लांबत जाते, हिरवेपण धरत नाही, हे मी नंतर सांगितले. त्याची तशी गरज उरली नव्हती.

आणि भोंडल्यातले ते कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जायची परवानगी मागते, आणि सासू आधी वेल लावायला सांगते. मग त्याला पान फुटू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, त्याची भाजी होऊ दे, असे एकेक पाऊल पुढे ढकलत नेते. लहानपणी मी हे गाणे फेर धरून म्हटले; पुढे वर्गात लोकगीत म्हणून शिकवले. पण कारल्याला बी टाकल्यापासून पहिले फळ यायला सुमारे दोन महिने लागतात, हे स्वतः लावल्यावर समजले. म्हणजे ती बिचारी दोन महिने थांबली! गाणे रचणाऱ्या बाईने ते दोन महिने मोजलेले होते. मी मोजले नव्हते, कारण माझे कारले मंडईतून येत होते. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग जा की माहेरी. कारली तर झाली.”

मुलांना बागेत शिकवावे हा विचार काही आमच्या केडगावात जन्मला नाही. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला जे ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, त्याचा अर्थच मुलांची बाग. आणि ती केवळ उपमा नव्हती. त्याच्याकडे प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा असे आणि भोवती साऱ्यांची मिळून एक सामाईक जागा. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. ‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’ या शब्दांत जी ‘वाडी’ आहे, ती कोकणातल्या माणसाला विचारा: नारळी-पोफळीची, माणसाने राखलेली, पाणी दिलेली. जर्मन बाग आणि मराठी वाडी यांची अशी गाठ पडली आहे. आता दोन्हींत फरशी बसवलेली असते, हे सोडून द्या.

फ्रोबेलचा तो स्वतःचा वाफा आम्हीही दिला. थोरलीचा पूर्वेला, धाकट्याचा उत्तरेच्या कोपऱ्यात, मांडवाजवळ. त्यावरून भांडणे होतात. सामाईक वाफ्यावरून त्याहून जास्त होतात.

पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय नगरच्या बागेची गोष्ट पुरी होत नाही. सह्याद्रीच्या पावसाची पाठ आमच्याकडे आहे. वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर पडला तरी माणसे समाधान मानतात. नळाला रोज पाणी येत नाही. जे येते ते मुळा धरणाचे, राहुरी तालुक्यातल्या बारागाव नांदूरहून. आणि मुळा नदी उगम पावते अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या डोंगरांत. सासूबाईंचे माहेर अकोल्याचे. त्यामुळे नळ सुटला की त्या ‘माझ्या माहेरचं पाणी आलं’ म्हणतात. आणि धाकट्याने एकदा, मुळेच्या पाण्यावर मुळे येतात म्हणून नदीला मुळा म्हणतात, असा सिद्धान्त वर्गात सांगून बाईंना निरुत्तर केले.

असे माहेरचे पाणी भाजीला ओतायला जीव होत नाही. म्हणून आमचा गुंठा न्हाणीघरावर चालतो. जुन्या घरांत मोरीच्या मागे अळू आणि केळ का असे, ते मला तेव्हा उमगले: ते घराचे सांडपाणी पिऊन राहत. आम्ही तेच केले. कपड्यांचे साबणाचे पाणी गटारात. अंघोळीचे पाणी विटांच्या तुकड्यांच्या आणि वाळूच्या खड्ड्यातून अळूला, केळीला. भाज्या-तांदूळ धुतल्याचे पाणी बादलीत साठवून मुलांच्या झारीतून रोपांना. एका झारीत पाच लिटर मावते. नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारात गावकरी दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, किती पडले, किती मुरले, किती वापरायचे. ते पाहून आल्यावर थोरलीने भिंतीवर खडूने आमचा ताळेबंद मांडला. ‘मेथी २ झाऱ्या, भेंडी ३ झाऱ्या, घेवडा १ झारी, अंकल १ झारी.’ अंकल म्हणजे कुंपणापलीकडचे शेजारी. त्यांच्या गुलाबाला ती त्यांच्या नकळत पाणी घालत असे.

हेच शेजारी फार सज्जन गृहस्थ आहेत आणि औषध फवारण्यावर त्यांचा फार विश्वास आहे. आमच्या वांग्यांत अळी शिरली, शेंडे माना टाकू लागले, चवळीवर मावा काजळासारखा बसला, तेव्हा ते भल्या मनाने बाटली घेऊन आले. मी घेतली नाही. माझे काही तत्त्व होते असे नाही. कारण साधेच होते. धाकटा भेंडी तोडतो ती वेलीवरच्या काकडीसारखी उभ्या उभ्या खातो. धुऊन खा म्हणून सहा वर्षांच्या मुलाला सांगता येते, तो ऐकेल असे सांगता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना सारा महाराष्ट्र बीजमाता म्हणतो आणि ज्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली, त्यांचेही असेच काही सांगणे आहे: नातू सारखा आजारी पडू लागला, तेव्हा त्यांनी ताटातल्या अन्नाचा विचार केला आणि घरच्या गावरान बियाण्याकडे वळल्या. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने पुढे बियाण्यांची बँकच उभी केली. आम्ही निंबोळ्या कुटल्या. शंभर लिटरला पाच किलो हे शेतकऱ्याचे माप. आम्हांला लिटरला पन्नास ग्रॅम पुरतात. रात्रभर भिजवायच्या, फडक्याने गाळायच्या, थोडा साबण घालून संध्याकाळी शिंपायचे. घरभर कडू वास सुटतो. वांगी निम्मी वाचली, निम्मी गेली. मावा मात्र आम्ही संपवला नाहीच; लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे कोठून तरी आले आणि त्यांनी तो फस्त केला. मुले त्या आठवड्यात शाळेतून धावत घरी येत.

आता घेवड्याची गोष्ट. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत एका पुरचुंडीत घेवड्याचे बी होते. राखेत घोळलेले, चपटे, तांबूस, एका कडेला पांढरी रेघ. बाजारात तो मला कधी दिसला नाही. मामंजींची बदलीची नोकरी. पण जेथे जेथे बिऱ्हाड झाले तेथे तेथे कुंपणावर, मोरीमागे, एकदा तर पत्र्याच्या डब्यात त्यांनी तो लावला आणि बी राखले. बी काही सोने नव्हे. डब्यात ठेवून दिले की उगवण्याची ताकद वर्षागणिक उतरते. ते राखायचे तर पेरावेच लागते. या गुंठ्यात त्याला पहिल्यांदा ऐसपैस मांडव मिळाला. आषाढात टोकायचा, श्रावण-भाद्रपदात तो नुसता पसरतो, पानेच पाने. मुले कंटाळतात. थोरलीने एका वर्षी त्याला ‘आळशी’ अशी पाटी लावली होती. पण हा जुन्या वळणाचा घेवडा दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाही. दसरा झाला, संध्याकाळ लवकर होऊ लागली, की जांभळे तुरे धरतो. कार्तिकापासून शेंगा. बियांसाठी ठेवायच्या त्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या; पौष-माघापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. उपटलेल्या वेलाच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी असतात, नखाने फोडल्या की आत गुलाबी. हवेतले नत्र जमिनीला मिळते ते या गाठींतून. धाकटा त्यांना ‘घेवड्याचे मोती’ म्हणतो.

यंदा गणपतीला सारे घर जमले होते. गौरी जेवल्या, आणि दुपारी सुपारी कातरता कातरता भाऊजींनी विषय काढला. त्यांची मुलगी अकरावीत आहे. पुढच्या शिक्षणाचा खर्च दिसतो आहे. मागच्या जागेत दोन खोल्या आणि संडास-न्हाणी बांधली तर भाडे येईल, ते निम्मे निम्मे. जागा दोघांची आहे. ते म्हणाले त्यात खोटे काहीच नव्हते, आणि बोलले ते फार संकोचाने बोलले. “वहिनी, तुमची बाग मोडावी असं नाही वाटत मला,” असे दोनदा म्हणाले.

थोरली आत गेली आणि वही घेऊन आली. तिने वर्षभराचा हिशेब लिहून ठेवला होता. मेथी ३८ जुड्या. मुळे ६४. भेंडी साडेनऊ किलो. घेवडा अकरा किलो. अळू ‘मोजले नाही’. रविवारच्या भाजीवालीला भाव विचारून तिने सारे पैशांत मांडले होते: ५,८४० रुपये. तिला वाटले, एवढी मोठी रक्कम ऐकून काका गप्प बसतील. भाऊजींनी वही दोन्ही हातांनी घेतली, सगळी वाचली, बेरीज तपासून ‘बरोबर आहे’ म्हणाले. मग हळूच विचारले, “महिन्याचे?” खोल्यांचे भाडे महिन्याला सहा हजार धरले होते. ती काही बोलली नाही. आमच्याही कोणाला सुचले नाही. धाकटा तेवढा म्हणाला, “भाडेकरूंना भेंडी देऊ आपण.”

सासूबाईंकडे साऱ्यांनी पाहिले. त्यांनी मोडता घातला असता तर भाऊजी पुन्हा बोलले नसते, हे आम्हांला ठाऊक होते आणि त्यांनाही ठाऊक होते. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या. मग म्हणाल्या, “पोरीचं शिक्षण थांबायचं नाही. अर्ध्यात बांधा. अर्धं ठेवा.” एवढेच. संध्याकाळी त्या मागे गेल्या नाहीत.

तसे ठरले. उत्तरेकडच्या अर्ध्यात खोल्या, दक्षिणेकडचे अर्धे भाजीला. गेल्या आठवड्यात मिस्त्री येऊन चुन्याच्या फक्कीने रेघा मारून गेला. धाकट्याचा वाफा पूर्ण खोलीत गेला आहे. बहुधा स्वयंपाकघरात, असे तो सर्वांना सांगतो आणि त्यात त्याला थोडा मोठेपणाही वाटतो. पायाची माती ट्रॅक्टरने बाहेर टाकायची, असे मिस्त्रीचे म्हणणे. ते ऐकून थोरली पहिल्यांदा रडली. खोल्यांवरून रडली नव्हती, मातीवरून रडली. “ती आपण केलेली आहे,” म्हणाली.

मग तिने गणित मांडले. अर्धा गुंठा म्हणजे ५४४ चौरस फूट. वरची सहा इंच माती तेवढी आपली, खाली मुरूमच आहे. म्हणजे २७२ घनफूट. बादलीने मोजले तर आमच्या घमेल्यात बारा लिटर माती बसते. सुमारे साडेसहाशे घमेली. मुलांना अर्धेच घमेले उचलते, म्हणजे तेराशे खेपा. दिवाळीच्या सुट्टीला भाऊजी मंडळी आली आहेत, त्यामुळे चार मुले आणि दोन घमेली कामाला आहेत. पहाटेचे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घालायचे, फराळ करायचा, नवे कपडे काढून ठेवायचे आणि मागे जायचे, असा क्रम चालला आहे. पुण्याची अकरावीतली मुलगी पहिल्या दिवशी नाक मुरडून उभी होती. आज तिने जुना पंजाबी ड्रेस मागून घेतला. भिंतीवर, पाण्याच्या ताळेबंदाखाली, खडूने खेपांची नोंद होते. काल संध्याकाळी आकडा २१७ होता. त्यांतल्या अकरा भाऊजींच्या आहेत. त्या पूर्ण घमेल्याच्या असल्याने बावीस धराव्यात की अकराच, यावर मुलांत अजून वाद आहे.

काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू करायचे ठरले आहे. मांडव फक्कीच्या आत येतो. त्यावर घेवडा आत्ता कोठे फुलला आहे. बियांच्या शेंगा वाळायला माघ उजाडेल. डब्यातले जुने बी यंदा सगळे पेरले गेले. तेवढा उत्तरेचा कोपरा तीन महिने राहू द्या, बाकीचा पाया आधी खणा, असे मिस्त्रीला सांगायचे आहे. सासूबाई म्हणतात भाऊजी सांगतील. भाऊजी म्हणतात वहिनींनी सांगितलेले बरे. आणि मुलांनी कोणालाच न विचारता त्या कोपऱ्यातली फक्की पायाने पुसून टाकली आहे.